बाईसाहेबांसाठी उंच पेटी

३ मार्च

लाटसाहेब यांस,

पत्राच्या सुरुवातीला 'चिरंजीव' लिहितात, मला माहीत आहे. पण तुला दोनदा बेशुद्ध उचलून आणल्यापासून तो शब्द लिहायला हात धजत नाही. सध्या लाटसाहेबांवर भागव.

व्यसनमुक्ती केंद्रात फोन चालत नाही, पत्र चालतं, असं तिथल्या समुपदेशक मॅडमनी सांगितलं. मी आयुष्यात काचेची मापं सोडून फारसं काही लिहिलेलं नाही. तेव्हा चुका काढू नकोस. तुझी आई होती तेव्हा तिनं काढल्या तेवढ्या पुष्कळ झाल्या.

तुझ्या खोलीतलं ते जनावर, तुझ्या त्या बाईसाहेब, जिवंत आहे. लोक कुत्रं पाळतात, मांजर पाळतात. माझ्या मुलानं टॅरंटुला पाळला. तळहाताएवढा केसाळ कोळी बापाच्या गळ्यात बांधून तू निघून गेलास आणि जाताना म्हणालास, 'फक्त पाणी आणि आठवड्याला एक रातकिडा.' जसं काही तुळशीला पाणी घालायला सांगतोयस. पहिल्या दिवशी मी दारातूनच मागं फिरलो. दुसऱ्या दिवशी लांब चिमट्यानं वाटी आत सरकवली. ती कोपऱ्यात बसली होती, काळी कुळकुळीत, आणि दर पायाच्या गुडघ्यावर शेंदरी पट्टा. नऊ वर्षं ती घरात आहे आणि मी तिला पहिल्यांदा नीट बघितलं. दिसायला वाईट नाही, कबूल करतो.

रातकिडे मासे-पक्षीवाल्याकडून आणतो. तो विचारतो, काका, कुठला पक्षी पाळलाय? म्हटलं, आहे एक, गात नाही.

तू कसा आहेस ते लिही, आणि खरं लिही. तुझं खोटं ऐकायची मला सवय आहे, पण कागदावरचं खोटं मी परत परत वाचत बसेन.

बाबा

१३ मार्च

बाबा,

तुमचं पत्र आलं तेव्हा अख्ख्या खोलीला वाटलं घरी कोणी गेलं, कारण मी वाचता वाचता रडत होतो. 'गात नाही' तिथपर्यंत आलो आणि हसू आलं. अक्षराकडे बघू नका, हात अजून थरथरतात. खरं लिहा म्हणालात म्हणून लिहितो. पहिले दहा-बारा दिवस मेलो असतो तर बरं, असं वाटत होतं. आता तसं रोज वाटत नाही.

बाईसाहेबांना घाबरू नका. ती अगदी गरीब आहे. नऊ वर्षांत एकदाही चावली नाही. चिडली तर मागच्या पायांनी पोटावरचे केस झाडते, ते अंगाला लागले की खाज सुटते. म्हणून तिच्या डब्यात हात घातल्यावर हात धुवा आणि डोळे चोळू नका. पाठीवर उलटी पडलेली दिसली तर मेली म्हणून उचलू नका, कात टाकत असेल. तेव्हा आत रातकिडा राहू देऊ नका, तो तिला कुरतडतो. बाकी काही लागत नाही. तो प्लॅस्टिकचा डबा तिला मानवलाय.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. मी घरातलं काय काय विकलं ते तुम्हाला माहीत आहे. आईच्या बांगड्याही विकल्या. बाईसाहेबांना घ्यायलाही एक जण आला होता, चांगले पैसे देत होता, आणि त्या दिवशी मला किती गरज होती ते मलाच ठाऊक. तरी नाही दिली. मी कुणाच्याही उपयोगाचा उरलो नव्हतो तेव्हासुद्धा तिची वाटी कोरडी पडली नाही. मॅडम म्हणतात, स्वतःवर विश्वास ठेवायला एक तरी खुंटी लागते. माझी ती आहे. हसू नका.

एक गोष्ट हात जोडून मागतो. फोनवर अनोळखी नंबर आला तर उचलू नका. मला माल विकणारी ती मंडळी शोधत असतील. गोड बोलून तुमच्याकडून पत्ता काढतील आणि कुणी इथं गेटवर येऊन उभा राहिला तर मी नाही म्हणू शकेन याची मला खात्री नाही. शब्द द्या.

तुमचा

२५ मार्च

लाटसाहेब,

शब्द दिला. फोन माझा आहे, बटणाचा, नाव दिसलं नाही की मी हातच लावत नाही. मेसेज तर मला उघडताच येत नाहीत, तो धोका नाही. परवा एक नंबर तीनदा वाजला. मी काच कापत होतो, कापत राहिलो. वाजून वाजून गप्प बसला.

मला वाटायचं, ते जनावर म्हणजे तुझ्या वाया जाण्याचाच एक भाग आहे. तुझी आई गेल्यावर एकदा मी तो डबा बाहेर ठेवायला निघालो होतो. तू आडवा आलास आणि तेव्हापासून आपलं बोलणं बंद झालं. ते असू दे.

बाईसाहेबांनी माझ्यावर केस झाडले. मनगटावर पुरळ उठलंय. चूक माझीच, वाटी बदलताना फुंकर मारून भुसा उडवत होतो. डॉक्टर म्हणाले कशानं झालं, मी म्हटलं घरातल्या बाईमाणसानं. कंपाउंडर हसला, डॉक्टर नाही.

आता मी तिचा डबा दुकानात आणून ठेवलाय, काउंटरच्या मागं. दिवसभर सोबत होते. गिऱ्हाइकं आधी किंचाळतात, मग वाकून वाकून बघतात. पण एक गोष्ट मला रोज खटकते. चाळीस वर्षं मी गावाला काच पुरवली, आणि माझ्या घरातलं माणूस चिरा गेलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात राहतं. लोक काय म्हणतील ते सोड, मलाच लाज वाटते.

एक काम हाती घेतलंय. आत्ता विचारू नकोस, तू आलास की बघशील.

बाबा

५ एप्रिल

बाबा,

काम कसलं ते लिहिलं नाहीत. माझी खोली भाड्यानं देताय का? किंवा दुकान काढताय? द्यायची असेल तर द्या, तुमचा हक्क आहे. फक्त मला इथं असताना कळू दे. दारात येऊन कळायला नको.

असं मनात येतं कारण इथला आठवडा वाईट गेला. माझ्या शेजारच्या खाटेवर एक सुतार होता. हाताला इतका चांगला की इथल्या सगळ्या डगमगत्या खुर्च्या त्यानं सरळ केल्या. त्याच्या बायकोचं पत्र आलं नाही म्हणून तो मागच्या भिंतीवरून निघून गेला. तीन दिवसांनी कळलं, बसस्टँडच्या मागं मेलेला सापडला. मॅडमनी आम्हाला बसवून सांगितलं. बाहेर पडलेला माणूस जुन्याच मापानं घेतो, आणि इथं राहून शरीर इतकं उतरलेलं असतं की ते माप पेलत नाही. त्याची खाट दुसऱ्या दिवशी भरली. इथला नियमच आहे, एकदा गेला की परत घेत नाहीत, कारण बाहेर रांग असते.

मला तशी भीती नाही. मी ऑगस्टपर्यंत राहणार आणि चालत गेटमधून बाहेर येणार. तुम्ही न्यायला आलात तर बरं वाटेल. पण ते काम काय ते लिहा.

तुमचा

१६ एप्रिल

लाटसाहेब,

तुझं डोकं नेहमी वाईटाकडेच का धावतं? खोली जशीच्या तशी आहे. चादरसुद्धा बदलून ठेवलीय. दुकान मी मेल्यावर काढ.

आता गुपित फोडावंच लागतंय. बाईसाहेबांना पेटी केली. सगळी काचेची. पाच मिलीमीटरची काच घेतली, कडा स्वतः घासल्या, एक सूतभरही इकडं तिकडं नाही. अडीच फूट उंच आहे. जवाहिऱ्याच्या शोकेससाठी करतो तशी. बुटकी पेटी कोणीही करतो रे, काचेचं काम उंचीवर दिसतं. तळाला काळ्या दगडाची फरशी बसवली, झकास दिसते. वर जाळीचं झाकण. आत तिची फुटकी कुंडी ठेवली, हक्काचं घर म्हणून.

आणि सांगतो काय, बाईसाहेब खूश आहेत. सोडल्या सोडल्या काचेवरून चढायला लागली. सकाळी शटर उघडावं तर ही बाई वर जाळीला लटकलेली. नऊ वर्षं त्या डब्यात बिचारीला उंची काय असते तेच माहीत नव्हतं. मी खाली उभा राहून तिच्या पोटाकडं बघत बसतो. आपल्या हातून कुणाचं तरी भलं झालं असं किती वर्षांनी वाटलं. तुझ्या बाबतीत मला काही म्हणजे काही जमलं नाही, हे मला माहीत आहे. हे जमलं.

ऑगस्टमध्ये न्यायला येतोय. आणि हो, फोन अजून एकही उचलला नाही.

बाबा

२१ एप्रिल

बाबा,

हे वाचताय तिथंच थांबा, पत्र बाजूला ठेवा आणि पेटी आडवी करा. मग पुढचं वाचा.

बाईसाहेब झाडावरची नाही, जमिनीवरची आहे. तिला चढता येतं पण धरून राहता येत नाही. जाळीत नख्या अडकतात, सुटतात, आणि पडते. तिचं पोट म्हणजे पातळ कातडीची पिशवी आहे. फूटभरावरून दगडावर पडली तरी फुटते, मग काही करता येत नाही. ती वर चढते ती खुशीनं नाही. नवी जागा आहे म्हणून बाहेर पडायची वाट शोधतेय.

तुमची चूक नाही. मी सांगायला हवं होतं. बुटक्या डब्यात असल्यामुळं सांगायचं सुचलंच नाही. पेटी फार सुंदर असणार, मला ती डोळ्यांसमोर दिसतेय.

मी मॅडमच्या पाया पडलो. केंद्राचा फोन महिनाभर बंद आहे, म्हणून त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून तुम्हाला दोनदा लावला. तुम्ही उचलला नाहीत. उचलणार कसे, मीच शब्द घेतलाय. शेजारच्या कुणाचा नंबर मला पाठ नाही. इथलं टपाल शुक्रवारीच निघतं. मॅडम म्हणाल्या, तू थांबशील का? म्हटलं, थांबतो.

तुमचा

२२ एप्रिल

बाबा,

थांबता आलं नाही. हे पत्र स्टँडवरून टाकतोय.

रात्रभर मला ती पडतानाच दिसत होती. मनात एकच, ती गेली तर मी कुणाला सांभाळू शकलो असं म्हणायला काही उरणार नाही. सकाळी गेटवर सांगून निघालो, भिंत ओलांडली नाही, एवढं माझ्या नावावर लिहा. मॅडम गेटपर्यंत आल्या होत्या. नियम काय आहे तो त्यांनी परत सांगितला आणि मग माझ्या हातात तिकिटाचे पैसे ठेवले.

इथल्या वहीपेन्सिलवाल्याच्या फोनवरून तुम्हाला लावला. वाजला, वाजला, बंद झाला. तुम्ही शब्दाचे पक्के, मला माहीत होतंच.

गाडी संध्याकाळी आहे, उद्या सकाळी घरी. म्हणजे हे पत्र पोचायच्या आधी मीच पोचेन, लिहायची गरजच नव्हती. पण हात रिकामे नकोत म्हणून लिहितोय. स्टँडमागच्या गल्लीत एक माणूस उभा आहे. मी त्याला आधी कधी पाहिलेलं नाही, पण तो कोण आहे ते मला कळतं, आणि मी कोण आहे ते त्याला. मघाशी त्यानं मान हलवली. मी इकडं तोंड करून बसलोय. कागद संपत आलाय.

आलोच, बाबा.

२३ एप्रिल

लाटसाहेब,

तुझ्या उत्तराची वाट बघत होतो, नाही आलं. पेटीचं वाचून खूश झालास ना? म्हटलं आपणच दोन ओळी टाकाव्यात.

बाईसाहेबांचं चढणं थांबलं. दोन दिवस झाले, आपणहून खाली उतरली आणि कुंडीत जाऊन बसलीय. रातकिडा समोर ठेवला, तोंड फिरवलं. पोट काळपट दिसतंय. तू लिहिलं होतंस ते कात टाकण्याचं, तेच असावं. रातकिडा काढून घेतला. बघ, शिकतोय मी.

तुझी ती मंडळी मात्र फार चिकट निघाली. परवा दोनदा फोन आला, काल दुसऱ्याच नंबरावरून एकदा. कालचा तर बराच वेळ वाजला. माझा हात जात होता, एक क्षण वाटलं उचलून चार शिव्या हासडाव्यात. पण शब्द म्हणजे शब्द. नाही उचलला.

बाबा

२५ एप्रिल

आदरणीय काका,

मी केंद्रातली समुपदेशक. तुमचा मुलगा बावीस तारखेला इथून बाहेर पडला. का, ते त्याच्या पत्रावरून तुम्हाला कळलं असेल.

तो गाडीत बसला नाही. त्याच संध्याकाळी तो स्टँडमागं बेशुद्ध सापडला आणि कुणी तरी त्याला इथल्या मोठ्या रुग्णालयात पोचवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शुद्धीवर आला. बोलता येत होतं, पण उठता येत नव्हतं. त्यानं तुमचा नंबर दिला. वॉर्डमधून तीन वेळा फोन झाला. नर्स म्हणाली, तिसऱ्यांदा कुणी उचलला नाही तेव्हा तो हसला आणि म्हणाला, नाही उचलणार ते. चोवीसच्या सकाळी खाट रिकामी होती. सलाइन स्वतः काढून निघून गेला. मला उशिरा कळलं. मी स्टँड, धर्मशाळा, पोलीस चौकी सगळीकडे जाऊन आले. सापडला नाही.

मीही रोज तुम्हाला फोन करते आहे. माझा नंबर खाली लिहिला आहे, कृपा करून कुणाकडून तरी फोनमध्ये नावानं घालून घ्या. त्याची खाट मला राखून ठेवता आली नाही, त्याबद्दल क्षमा मागते. त्याच्यासाठी आलेली पत्रं मात्र मी माझ्या टेबलात ठेवीन. तुम्ही लिहीत राहा. आलाच तर इथं एकदा डोकावेल, असं मला वाटतं.

तुमची,
समुपदेशक

१९ जून

बाळा,

मॅडम म्हणतात लिहीत राहा, म्हणून लिहितो. त्यांच्या टेबलात माझं हे चौथं पत्र जाईल.

तुझी दोन्ही पत्रं आणि मॅडमचं पत्र एकाच टपालात आलं. तू सांगितलंस तसं पहिल्या ओळीला थांबलो. पेटी आडवी केली. घाईत कोपऱ्याला टवका उडाला. बाईसाहेब कुंडीतून हललीसुद्धा नाही. तिला काहीही झालेलं नव्हतं, बाळा. ती आधीच खाली उतरली होती. तू गेटमधून बाहेर पडलास तेव्हा ती कुंडीत बसली होती. हे मला सहन होत नाही. कुणाला सांगताही येत नाही, कोळ्यासाठी रडणारा म्हातारा बघून लोक हसतील. म्हणून तुला सांगतो.

मग त्या सगळ्या नंबरांवर उलटे फोन लावले. वहीपेन्सिलवाला म्हणाला, हो, पोरगा होता, पत्र लिहायला कागद माझ्याकडूनच घेतला. वॉर्डमधल्या बाईनं सांगितलं, निघून गेला तो. मी त्याच दिवशी गाडीत बसलो. तिथं आठ दिवस राहिलो. स्टँडमागच्या गल्लीत जाऊन उभा राहिलो. एक माणूस आला, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, काका, तुम्हाला काय पाहिजे? मी तुझा फोटो दाखवला. म्हणाला, असे रोज येतात. त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं, पण फोटो खिशात घातला आणि पुढच्या गल्लीत गेलो. नंतर दोनदा जाऊन आलो. मॅडम दर वेळी बरोबर येतात. त्या चांगल्या आहेत.

गेल्या आठवड्यात बाईसाहेबांनी कात टाकली. सकाळी शटर उघडलं तर पाठीवर पडलेली, पाय आखडलेले. तू सांगून ठेवलं होतंस म्हणून हात लावला नाही. दुकान बंद ठेवलं आणि स्टूल घेऊन बसलो. दुपारपर्यंत काही नाही. मग कात बाजूनं फाटली आणि ती हळूहळू एकेक पाय काढत बाहेर आली. ओली होती, नीट उभं राहता येत नव्हतं. पट्टे असे शेंदरी झालेत की तू ओळखणार नाहीस. जुनी कात अख्खी निघाली, आठही पाय. ती मी दोन काचांमध्ये बसवून ठेवलीय तुला दाखवायला. पेटी कापली. आता आठ इंच उंच आहे. तळाची फरशी काढून भुसा भरला. बुटकी, कुरूप दिसते, आणि बरोबर आहे.

पक्षीवाल्यानं चौकशी करून सांगितलं की मादी असेल तर पंचवीस वर्षं जगते. म्हणजे अजून सोळा वर्षं. मी अडुसष्टचा आहे. हिशोब जमत नाही. माझ्यामागं तिला कोण बघणार? तुलाच यावं लागेल. ओरडणार नाही. काही विचारणार नाही. जसा असशील तसा ये, केंद्रात परत जायचं झालं तर मी रांगेत उभा राहीन.

आणि तुला दिलेला शब्द मी मोडला. आता कुठलाही नंबर असो, पहिल्या घंटेला उचलतो. काच कापायचा हिरा टाकून उचलतो, जेवणाच्या हातानं उचलतो, तिची कात निघत होती तेव्हाही एक उचलला. पूर्वी 'कोण?' म्हणायचो, आता तेही विचारत नाही. काल विमा विकणाऱ्या एका मुलीचा फोन होता. मी म्हटलं, बोल बाळा. तिनं विम्याचं वाक्य अर्ध्यावर सोडलं. मग म्हणाली, काका, तुम्ही दुसऱ्या कुणाची वाट बघताय वाटतं, मी ठेवते, लाइन मोकळी राहू दे.

बाबा